बी. एम. म्हणजे बॉम्बे मिंट नव्हे : नाण्यावरची अक्षरे कोणाची?

(१)
१९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सोन्याचे एक नाणे पाडले गेले. वजन ७.९८ ग्रॅम, सोने २२ कॅरेट, एका बाजूस पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोड्यावरून अजगराशी लढणारा सेंट जॉर्ज. या नाण्यावर तीन ठिकाणी अतिसूक्ष्म रोमन अक्षरे आहेत : राजाच्या मानेपाशी ‘बी. एम.’, सालाच्या उजवीकडे ‘बी. पी.’ आणि सालाच्या नेमके वर, जमिनीच्या रेषेवर, एकटेच ‘आय’. यांपैकी एकच खूण हे नाणे मुंबईत पाडल्याची साक्ष देते. ती कोणती?

(२)
‘बी. एम.’ म्हणजे बॉम्बे मिंट आणि ‘बी. पी.’ म्हणजे बॉम्बे प्रेसिडेन्सी, असे उत्तर चटकन जिभेवर येते. ते मोहक आहे, तर्कसंगतही वाटते. आणि दोन्ही बाजूंनी चूक आहे. ‘बी. एम.’ हा बर्ट्रम मॅकेनल नावाचा शिल्पकार आहे. मेलबर्न येथे जन्मलेल्या या कलावंताने राजाची मुद्रा घडवली. ‘बी. पी.’ म्हणजे बेनेडेट्टो पिस्ट्रुची. रोममध्ये जन्मलेल्या या कोरीवकाराचा सेंट जॉर्ज १८१७ मध्ये प्रथम सॉव्हरिनवर आला. मुंबईची साक्ष देणारे अक्षर आहे ते एकटे ‘आय’, आणि तेही मुंबईचे आद्याक्षर नाही. ते ‘इंडिया’चे आहे.

(३)
या धाग्याचा विषय हाच : नाण्यावरची कलावंताची आद्याक्षरे आणि टांकसाळीची खूण यांतला भेद कसा ओळखावा? पहिली खूण सांगते, हे रूप कोणी घडवले. दुसरी सांगते, हा तुकडा कोठे पाडला. एक प्रश्न कर्तृत्वाचा, दुसरा उत्तरदायित्वाचा. दोहोंची गल्लत झाली की नाण्याचा जन्मदाखलाच बदलतो. आणि जन्मदाखला चुकला की त्यावर रचलेला इतिहासही चुकतो.

(४)
आधी कारखान्यात शिरू, कारण भेदाचे मूळ तेथे आहे. यंत्रयुगातील नाणे एका ठशातून थेट जन्मत नाही. कलावंत मोठ्या आकारात मूळ आकृती घडवतो. तिच्यावरून पोलादी मूळ ठसा तयार होतो, आणि त्या मूळ ठशावरून प्रत्यक्ष नाणी पाडणारे अनेक कामाचे ठसे निघतात. कलावंताची सही मूळ आकृतीतच असते. म्हणून ती प्रत्येक कामाच्या ठशात आपोआप उतरते, मग तो ठसा लंडनमध्ये वापरला जावो वा मुंबईत. टांकसाळीची खूण मात्र पुढच्या टप्प्यावर, ठरावीक टांकसाळीला जाणाऱ्या ठशांवरच उमटवली जाते.

(५)
यातून पहिली आणि सर्वांत भरवशाची कसोटी निघते. एकाच साच्याची, एकाच सालची, पण वेगवेगळ्या टांकसाळींतली नाणी शेजारी ठेवा. जे सर्वांवर सारखे आहे ते कलावंताचे. जे बदलते ते टांकसाळीचे.

१९१८ हे साल या प्रयोगासाठी जणू मुद्दाम घडवलेले आहे. त्या वर्षी लंडनने सॉव्हरिन पाडलेच नाहीत. ते पाडले पाच शाखांनी : सिडनी (‘एस’), मेलबर्न (‘एम’), पर्थ (‘पी’), ओटावा (‘सी’, म्हणजे कॅनडा) आणि मुंबई (‘आय’). पाचही नाण्यांवर ‘बी. एम.’ आणि ‘बी. पी.’ जागच्या जागी आहेत. बदलते ते फक्त जमिनीच्या रेषेवरचे एक अक्षर.

(६)
येथेच आणखी दोन सापळे आहेत. ‘बी. एम.’मधला ‘एम’ पाहून कोणी नाणे मेलबर्नचे ठरवील, ‘बी. पी.’मधला ‘पी’ पाहून कोणी पर्थचे. अक्षर तेच, जागा वेगळी. म्हणून अर्थ वेगळा. यातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. १९१८ साल असलेल्या सॉव्हरिनवर जमिनीच्या रेषेवर कोणतेच अक्षर नसेल, तर ते लंडनचे असणार असे समजून पुढे जाऊ नये. लंडनने त्या वर्षी हे नाणे पाडलेले नाही. अक्षर झिजले असेल, वा नाणेच बनावट असेल. आपल्याकडे सॉव्हरिनलाही सर्रास ‘गिनी’ म्हटले जाते आणि अनेक घरांत तिला कडी जोडून ती गळ्यात घातली गेली आहे. झिजण्यास आणि डाग लावताना अक्षर बुजण्यास तेवढे पुरते.

(७)
आता दुसरी कसोटी : जागा. कलावंताची सही चित्राला चिकटून असते. मानेचा जेथे छेद होतो ती कड, खांद्याची किनार, चित्राखालच्या पट्टीचा कोपरा. चित्रकार कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही करतो, तसेच हे. टांकसाळीची खूण बहुधा सालाच्या आसपास, मूल्याच्या खाली किंवा तळाच्या कडेजवळ असते. तथापि ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सप्तम एडवर्डच्या रुपयावर मुंबईचा ‘बी’ तळाच्या कमळकळीत खोदलेला असतो, म्हणजे चित्राच्या पोटातच. म्हणून जागेची कसोटी ही सूचना मानावी, निकाल पहिल्या कसोटीवर द्यावा.

(८)
सागरापलीकडचे एक उदाहरण ही गोष्ट लख्ख करते. १९०९ मध्ये अमेरिकेच्या एका सेंटवर अब्राहम लिंकनची मुद्रा आली. मागील बाजूस तळाशी ‘व्ही. डी. बी.’ अशी अक्षरे होती : शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. सही फार ठळक दिसते अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. पुढे १९१८ मध्ये ती लिंकनच्या खांद्याच्या कडेला, बारीक स्वरूपात परतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’ या खुणेबद्दल मात्र कोणी ओरडले नाही. कलावंताच्या सहीला लोक गर्व म्हणतात, टांकसाळीच्या खुणेला शिस्त. दोहोंकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही वेगळी असते.

(९)
आता आपल्या राणीछाप रुपयाकडे वळू. १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरियाच्या मानेच्या छेदावर ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ दिसते. हा विल्यम वायन, लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य कोरीवकार. रुपया कलकत्त्याचा असो वा मुंबईचा, मुद्रा वायनचीच. येथपर्यंत सरळ आहे. गुंता त्याच्या पाच वर्षे आधीच्या नाण्यात आहे.

(१०)
१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व प्रदेशासाठी एकच रुपया ठरवला : १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. त्यावर चतुर्थ विल्यमची मुद्रा आहे. राजाच्या मानेच्या छेदावर, म्हणजे नेमक्या कलावंताच्या जागी, कधी ‘एफ’ आढळतो, कधी ‘आर. एस.’, कधी काहीच नाही. आपल्या दोन्ही कसोट्या लावल्या तर गोंधळ उडतो. जागा कलावंताची, पण अक्षर तर बदलते आहे. मग हे अक्षर कोणाचे?

(११)
उत्तर तिसरेच आहे. ‘एफ’ म्हणजे विल्यम नेर्न फोर्ब्ज आणि ‘आर. एस.’ म्हणजे रॉबर्ट सॉन्डर्स. दोघेही कलकत्ता टांकसाळीचे प्रमुख अधिकारी, म्हणजे मिंट मास्टर. फोर्ब्ज तर पेशाने लष्करी अभियंता. कलकत्त्याच्या टांकसाळीची इमारत आणि तेथील सेंट पॉल्स कॅथेड्रल ही त्याची कामे. म्हणजे अक्षर व्यक्तीचे, पण ती व्यक्ती कलावंत नव्हे. ते टांकसाळीकडे बोट दाखवते, पण टांकसाळीचे नाव नव्हे. जबाबदार अधिकाऱ्याची ही मोहोर आहे. दोनच कप्पे घेऊन बसणाऱ्या अभ्यासकाला तिसरा कप्पा करावा लागतो तो येथे.

(१२)
चौथा कप्पा सोलापूरकरांना आपल्या दारातच सापडतो. सोलापूरहून ईशान्येला निघाले की तुळजापूर, नळदुर्ग. आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा. त्यामुळे या सरहद्दीवर दोन रुपयांशी गाठ पडे : इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला ‘कलदार’ आणि निजामाचा ‘हाली सिक्का’. ढोबळ हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार.

विसाव्या शतकातील हाली रुपयावर चारमिनारचे चित्र आहे आणि त्याच्या मधल्या कमानीत एक अरबी अक्षर. मीर महबूब अली खानांच्या काळात ‘मीम’, मीर उस्मान अली खानांच्या काळात ‘ऐन’. हे ना कोरीवकाराचे, ना टांकसाळीचे. ते राज्यकर्त्याचे आद्याक्षर. टांकसाळीचे नाव त्याच नाण्यावर स्वतंत्र आणि सविस्तर लिहिलेले असते : फर्खुंदा बुनियाद हैदराबाद.

(१३)
हे सविस्तर नाव लिहिण्याची रीत जुनी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचा किल्ला आदिलशाहीकडून मोगलांकडे गेला आणि औरंगजेबाच्या नावाची नाणी येथे पाडली गेली. त्यांवर ‘जर्ब’ या शब्दासह सोलापूरचे नाव फार्सी लिपीत येते. जर्ब म्हणजे घाव, ठोका; अमुक ठिकाणी ठोकलेले नाणे. आपले शहर एके काळी टांकसाळीचे शहर होते, हे त्या एका शब्दामुळे कळते. मोगल नाण्यावर बादशहाचे नाव असते, स्थळाचे असते, वर्षाचे असते. ठसा कोरणाऱ्याचे नसते.

(१४)
मराठी राज्यात खुणा चित्ररूप झाल्या. पुण्याच्या रुपयावर अंकुश होता. म्हणून तो ‘अंकुशी रुपया’. बहुतेक मजकूर मोगल बादशहाच्या नावाचाच चालू राही, कारण बाजारात त्या नावाला पत होती. खरी ओळख पटे ती अंकुशावरून. फार्सी न येणाऱ्या शेतकऱ्यालाही तो ओळखू येई. टांकसाळी पुष्कळदा परवाना घेतलेल्या सोनार-सावकारांकडे असत. नाणे कसास उतरले नाही तर कोणाला धरायचे, हे खुणेवरून ठरे. टांकसाळीच्या खुणेचे मूळ प्रयोजन हेच आहे. संग्राहकाची हौस ही फार नंतरची गोष्ट.

(१५)
आता त्या ‘आय’कडे परत जाऊ, कारण त्याच्या पोटात वीस वर्षांचा वाद दडलेला आहे. १८९३ मध्ये सरकारने भारतीय टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडीसाठी बंद केल्या. १८९९ मध्ये सॉव्हरिन पंधरा रुपये दराने कायदेशीर चलन झाले. फाउलर समितीने भारतातच सोन्याची नाणी पाडावीत अशी शिफारस केली. पण लंडनच्या अर्थखात्याच्या हरकतींत ती योजना विरली. १९१२ मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी केंद्रीय विधिमंडळात हीच मागणी ठरावरूपाने मांडली. तरीही सोन्याचे नाणे बाहेरूनच यायचे.

(१६)
महायुद्धाने जे घडवले ते ठरावांनी घडले नव्हते. सैन्याच्या आणि मालाच्या खरेदीसाठी रुपयांची मागणी प्रचंड वाढली, चांदी मिळेना. १९१७ अखेर एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९१८ मध्ये अडीच रुपयांची. अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी विकली, तीही भारतासाठी. आणि मुंबईत शाही टांकसाळीची शाखा उघडली. सॉव्हरिनचे ठसे लंडनहून येईपर्यंत तेथे त्याच वजनाची, त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहोर पाडली गेली, २१ लाखांहून अधिक. मग ‘आय’ खुणेचे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन निघाले. १९१९ मध्ये शाखा बंद झाली.

(१७)
म्हणजे ते अक्षर एका अल्पायुषी संस्थेचे एकमेव ठळक स्मारक आहे. भारताने सोन्याचे नाणे स्वतः पाडावे की नाही, या प्रश्नावर आयोग बसले, केन्सने ग्रंथ लिहिला. आणि रुपयाच्या दुखण्याची चिकित्सा करणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ‘बी. एम.’ला बॉम्बे मिंट समजणारा वाचक या साऱ्या संघर्षाला वळसा घालून जातो. त्याच्या हिशेबी लंडन, सिडनी, पर्थ येथील प्रत्येक गिनी मुंबईचीच ठरते, आणि खरोखर मुंबईत पाडलेली गिनी त्या गर्दीत हरवते.

(१८)
‘आय’चा एक उत्तरार्धही आहे. २०१३ पासून शाही टांकसाळीच्या परवान्याने भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडले जाऊ लागले, या वेळी हरियाणात. खूण तीच, ‘आय’. यावरून ते अक्षर शहराचे नसून देशाचे आहे, हे पुन्हा सिद्ध होते. गंमत अशी की त्या काळच्या सॉव्हरिनवर राणीच्या मानेखाली ‘आय. आर. बी.’ अशी अक्षरे आहेत : शिल्पकार इयन रँक-ब्रॉडली. एकाच नाण्यावर दोन ‘आय’. एक माणसाचा, एक देशाचा.

(१९)
आता घरातल्या रोजच्या नाण्यांकडे. स्वतंत्र भारताच्या चलनी नाण्यांवर कलावंताची सही सहसा नसते. सालाखाली दिसते ती टांकसाळीची खूण : मुंबईचा चौकट आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही. स्मरणार्थ नाण्यांवर मुंबईसाठी ‘एम’ही येतो. सापळे येथेही आहेत. १९८५ च्या एक रुपयावरचा ‘एच’ हैदराबादचा नव्हे. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा, कारण त्या काळी नाणी परदेशांतूनही पाडून आणली गेली. व्हिक्टोरियाच्या रुपयावरचा ‘सी’ कलकत्त्याचा, पण १९८८ च्या पैशांच्या नाण्यांवरचा ‘सी’ कॅनडाचा.

(२०)
ठिपक्याचेही तसेच. पंचम जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळाखालचा ठिपका मुंबई सांगतो. पण १८६२ साल असलेल्या राणीछाप रुपयावर ठिपके दिसले तर घाई करू नये. ते साल पुढे कित्येक वर्षे नाण्यावर गोठून राहिले होते, आणि १८६३ ते १८७४ या काळात मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष दर्शवण्यासाठी ठिपक्यांची पद्धत वापरली. तेथे ठिपका पंचांगाचे काम करतो. खूण म्हणजे शब्द; आणि शब्दाचा अर्थ वाक्यावरून ठरतो. नाण्याचे साल, राजा आणि प्रदेश हे ते वाक्य.

(२१)
सारांशाने, अक्षर दिसले की पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

एक : अक्षर चित्राला चिकटून आहे, की साल-मूल्याजवळ?
दोन : त्याच सालच्या दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर ते आहे का? असेल तर कलावंताकडे वळा, नसेल तर टांकसाळीकडे.
तीन : तो काळ कोणत्या राजाचा? त्या वेळी कोणत्या टांकसाळी चालू होत्या?
चार : अक्षर एखाद्या अधिकाऱ्याचे वा राज्यकर्त्याचे तर नाही?
पाच : अक्षर उठावाचे आहे, की खोदीव? १८३५ च्या ‘एफ’सारखी उदाहरणे नोंदताना हा तपशील मोलाचा ठरतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश, एवढे साहित्य पुरे.

(२२)
एक विनंती. लक्ष्मीपूजनाच्या ताटातला बंदा रुपया चिंच, राख किंवा पावडरने घासू नये. ही अक्षरे केसाएवढ्या उंचीची असतात. चार दिवाळ्यांत ती जातात आणि नाण्याचा जन्मदाखला पुसला जातो. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिनीही आता त्या वयाची झाली आहे. आणि विकत घेताना कोणी ‘बी. एम. आहे, म्हणजे मुंबईची दुर्मीळ गिनी’ असे सांगून चढा भाव मागत असेल, तर शांतपणे भिंग काढावे आणि सालाच्या वरची रेषा पाहावी.

(२३)
मॅकेनल, पिस्ट्रुची, वायन यांनी सही केली म्हणून आपण त्यांना नावाने ओळखतो. अंकुश कोरणारा, ‘जर्ब सोलापूर’ कोरणारा हात कोणाचा, हे नाणे सांगत नाही. त्यांच्या कामाची ओळख उरली ती स्थळाच्या नावात आणि चिन्हात. म्हणून टांकसाळीची खूण अचूक वाचणे हे त्या निनावी कारागिरांच्या बाबतीत अधिक गरजेचे आहे. त्यांच्यापर्यंत जाणारी दुसरी वाट आपल्यापाशी फारशी नाही.

आपल्या घरात राणीछाप, राजाछाप किंवा हाली रुपया असेल तर त्यावर कोणते अक्षर कोठे आहे, उठावाचे की खोदीव, आणि साल कोणते, एवढे या धाग्याखाली जरूर लिहा. सही कोणाची आणि खूण कोठली, ते सगळे मिळून वाचू.